वाडा मोजताना : पुण्याहून काकांना पत्रे

कसबा पेठ, पुणे
रविवार, रात्री

ती. काकांना शि. सा. न. वि. वि.

पोचल्याचा फोन केला तेव्हा तुम्ही विचारलंत, रजा काढून लोकांची घरं मोजायची, तर त्याचे पैसे कोण देतं? कोणीच देत नाही. चहासुद्धा आळीपाळीने पाजायचा असतो. फोनवर हे सांगितलं असतं तर तुम्ही "बरं, बरं" म्हणून फोन काकूकडे दिला असता, म्हणून लिहूनच कळवते.

आमची तुकडी मासलेवाईक आहे. आर्किटेक्चर शिकणारी तीन मुलं, एक फोटोग्राफर, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, मोडी वाचणारे एक मास्तर आणि एडिंबराला लेकीकडे काही वर्षं राहून आलेल्या एक बाई. टेपचं दुसरं टोक धरायचं आणि आकडा खणखणीत आवाजात सांगायचा, हे काम बँकवाल्यांनी स्वतःकडे घेतलंय आणि ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही, अध्यक्ष तर नाहीच. पुण्यात इतकी माणसं जमूनही अध्यक्ष नेमलेला नाही, यावर माझाच विश्वास बसत नव्हता.

आज कसब्यातला एक वाडा मोजला. नाव-पत्ता बाहेर सांगायचा नाही या बोलीवर मालकांनी आत घेतलं, तेव्हा तुम्हालाही सांगत नाही. रस्त्यावरून पाहिलं तर झेरॉक्सचं दुकान, एक बंद शटर आणि मधे दिंडी दरवाजा. वाकून आत गेलं की देवडी, मग फरसबंद चौक आणि चारी बाजूंना सोपे. मागचा चौक एका पावसाळ्यात बसला. तिथे आता उंबर उगवलाय. सागवानी खांब दगडी तळखड्यांवर उभे आहेत, वर हस्त, त्यावर तुळया, त्यावर कडीपाट. जुने भाडेकरू खोलीचा आकार फुटांत सांगतच नाहीत. आमची दोन खणी, त्यांची तीन खणी, असंच बोलतात. दोन खांबांमधलं अंतर मोजलं, ते साडेपाच फुटांच्या आसपास निघालं, आणि मग सगळा वाडा त्या एका मापावर बेतलेला दिसायला लागला.

मुलांकडे लेसरचं यंत्र आहे, पण उन्हात चौकामध्ये त्याचा ठिपका दिसत नाही. शेवटी टेपच कामाला येते. चौक डोळ्यांना अगदी काटकोनात वाटतो. दोन्ही कर्ण मोजले तर एक दुसऱ्याहून वीतभर मोठा. एका मुलाने कागदावर तो सरळ करून टाकला होता. बँकवाल्यांनी कागद फाडायला लावला. जसं आहे तसं काढायचं, सुधारायचं नाही, हा इथला एकमेव नियम. तुम्ही असतात तर तुमचं त्यांच्याशी चांगलं जमलं असतं.

मागच्या भिंतीला ओळंबा लावला. भिंत चांगलीच बाहेर कललीय, तरी वाडा उभा आहे, कारण वरचा भार बराचसा लाकडी सांगाड्यावर आहे. घात होतो कौलांतून. एक कौल फुटलं की पाणी तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाशी जाऊन मुरतं. तिथे ना वारा, ना ऊन. लाकूड आतून कुजत जातं आणि बाहेरून ठणठणीत दिसतं. म्हणून पेराने वाजवून बघायचं आणि भद्द आवाज आला की नकाशावर फुली मारायची.

प्रत्येक वाड्याचा एक फॉर्म असतो. सिटी सर्व्हे नंबर, मजले, चौक, खांब, आड, तुळशीवृंदावन, बळद, आणि शेवटी राहणाऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टींसाठी एक मोठी रिकामी जागा. ती सगळ्यात आधी भरते, कडेने लिहावं लागतं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढलं, बाळंतिणीची खोली कुठली, पोरं विड्या ओढायला कुठल्या जिन्याखाली जात. पानशेतची पायरी दोन म्हाताऱ्यांनी दोन वेगळ्या दाखवल्या. दोन्ही लिहून घेतल्या.

काकूला म्हणावं, जेवणाचे हाल नाहीत. पोहे मिळतात, पण वर इंदूरसारखं शेव-जिरवण नाही.

आपली,
धाकटी


सोमवार पेठ
बुधवार

ती. काका, सा. न.

शनिवारवाड्यात जाऊन आले. दिल्ली दरवाजा, नगारखाना, तट, बुरूज, हजारी कारंजं, आणि बाकी नुसती जोती. जानेवारी १७३० मध्ये पाया घातला, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली आणि २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. शाळेच्या सहली त्या जोत्यांवरून पळत असतात आणि गाइड हवेत हात फिरवून महाल उभे करतो. हे महाल आतून कसे दिसत, ते कुणी पाहून ठेवलंय, असं मी एडिंबरावाल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कागदपत्रांतून कळतं ते आहेच, पण डोळ्यांनी पाहून काढलेलं हवं असेल तर एका स्कॉटिश माणसाचं नाव घ्यावं लागतं.

पीटरहेड हे स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं मासेमारीचं बंदर. जेम्स वेल्स हा चित्रकार मूळचा तिथला, जन्म १७४७ चा. पोटासाठी १७९१ मध्ये मुंबईला आला आणि तिथून पुण्यात इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटकडे. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस समोर बसले आणि त्याने त्यांची चित्रं काढली. दरबाराची रेखाटनंही केली. १७९५ मध्ये तो वारला. ती रेखाटनं मग थॉमस डॅनियलकडे गेली आणि त्याने त्यांवरून १८०५ मध्ये एक भलंमोठं तैलचित्र पुरं केलं. टिपूविरुद्ध १७९० मध्ये पेशव्यांशी तह झाला, तो दरबार त्यात आहे. चित्र आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. गंमत अशी, की तहाच्या वेळी वेल्स पुण्यात नव्हताच. माणसं आणि जागा त्याने मागाहून पाहिल्या. तेव्हा त्या चित्रावरून दोन खांबांमधलं अंतर काढायला गेलं तर फसगत होईल. पण वाडा जळाल्यावर असल्या चित्रांचाही आधार वाटतो.

मला मात्र वेल्सपेक्षा दुसराच माणूस जास्त आवडला. गंगाराम चिंतामण तांबट. वेल्स यायच्या आधीपासून हा मॅलेटसाठी चित्रं काढत होता, पुढे वेल्सच्या हाताखाली शिकला. वेरूळची लेणी त्याने खांबाखांबाने कागदावर उतरवली. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्याने नोव्हेंबर १७९० मध्ये काढला. जाड कातडीच्या घड्या, खुरं, सगळं समोर बसून पाहिलेलं. त्याची कितीतरी चित्रं अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहालयात आहेत. मुलांनी ती संगणकावर दाखवली. शनिवारवाड्याचा एखादा सोपा याच माणसाने याच नजरेने मोजून ठेवला असता तर? पण त्याला पगार साहेबाचा, आणि साहेबाला हवी होती लेणी आणि जनावरं. वाडा तर काय, रोजचाच. तो कुठे जाणार होता?

हेच आमच्या तुकडीचं म्हणणं आहे, आणि मला ते पटलंय. मशहूर वास्तूंच्या मागे कोणीतरी असतंच. रोजच्या घराचा नकाशा काढावा असं ते पडेपर्यंत कोणाच्या मनात येत नाही.

आज त्रिशुंड गणपतीचं देऊळ पाहिलं, तिथे पुन्हा गेंडा भेटला. देऊळ १७५४ ते १७७० या काळातलं, काळ्या दगडाचं, नागझरीच्या काठचं. गणपती तीन सोंडांचा आणि मोरावर बसलेला. दर्शनी भिंतीवर साखळदंडाने जखडलेला गेंडा आणि गोरे शिपाई कोरले आहेत. म्हणजे गंगारामाच्या आधी कुणा पाथरवटाने गेंड्याची नोंद करून ठेवलेली! शिलालेख संस्कृतमध्ये आहेत आणि फारसीतही. मोडी मास्तर देवनागरीच्या ओळींपाशी इतके रमले की पुजाऱ्यांनी गाभारा बंद करायची वेळ झाल्याचं दोनदा सांगितलं. येताना तांबट आळीतून आलो. अजून काही दुकानांतून मठारकामाची ठोकाठोक ऐकू येते. गंगारामाचं घर कुठलं, असं मी एका कारागिराला विचारणार होते, पण धीर झाला नाही.

एडिंबरावाल्या बाई सांगतात, लेकीच्या गावी शनिवारी सकाळी लोक हातात पाट्या घेऊन निघत आणि गल्लीगल्लीतलं दार न् दार टिपत. त्याला तिकडे जुनी परंपरा आहे. १९०८ मध्ये सरकारने स्कॉटलंडमधल्या प्राचीन वास्तूंची यादी करायला आयोग नेमला. त्याचा पहिला सचिव अलेक्झांडर कर्ल, शिक्षणाने वकील. त्याने सायकलवरून बेरिकशायर परगणा पालथा घातला आणि १९०९ मध्ये त्याची पहिली यादी छापून आली. फक्त १७०७ पर्यंतच्याच वास्तू नोंदवायच्या असा तेव्हा दंडक होता. तो पुण्याला लावला तर शनिवारवाडासुद्धा नवं बांधकाम ठरेल!

आपली,
धाकटी


शुक्रवार

ती. काका,

आज एका दारातून परत यावं लागलं. मालक सभ्य माणूस, पाणी विचारलं, पण आत येऊ नका म्हणाले. मुलं हिरमुसली. मला त्यांचं बोलणं गैर वाटलं नाही. वाड्यात भाडेकरूंची बिऱ्हाडं आहेत आणि १९४७ च्या भाडेकायद्याने गोठलेली भाडी पुढच्या पिढ्यांतही फारशी हललेली नाहीत. महिन्याच्या भाड्यात चांगलं सागवान वीतभरही येत नाही. दर पावसाळ्याआधी महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस येते. त्यात वारसायादीत नाव गेलं, पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या श्रेणीचा शिक्का बसला, की पाडायला परवानगी लागते आणि दुरुस्तीलाही. आम्ही यादीवाले नाही, हे आम्ही घसा फोडून सांगितलं. हातात फॉर्म आणि गळ्यात कॅमेरा असलेल्या माणसावर कोण विश्वास ठेवणार?

यातली दुसरी बाजूही याच आठवड्यात कळली. मागे आमच्या तुकडीने मोजलेल्या एका वाड्याच्या मालकाने तोच नकाशा बिल्डरसमोर ठेवला. कुणाकडे किती खण, म्हणजे नव्या इमारतीत कुणाला किती चौरस फूट, याचा सगळा निकाल त्यावर लागला. वाडा गेला. वर्षानुवर्षांची भांडणं मात्र मिटली, आणि एका विधवा बाईंची कुणी हिशेबातच न धरलेली पडवी त्यांच्या नावावर लागली. मुलांना ही गोष्ट कडू वाटते. मला तर कामाचं सार्थक झालेलं वाटलं, आणि असं बोलले म्हणून चहाच्या टपरीवर जोरदार वाद झाला. मोडी मास्तर माझ्या बाजूने होते.

दुपारी दगडूशेठ गणपतीसमोर उभी राहिले. पलीकडे भिडे वाड्याची जागा. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा इथे काढली. जागेवर स्मारक व्हावं की नाही याचा वाद बरीच वर्षं कोर्टात चालला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत जुनं बांधकाम उतरवलं गेलं, स्मारकासाठीच. स्मारक हवंच, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण ज्या जिन्याने त्या मुली चढल्या असतील त्याच्या पायऱ्या किती उंच होत्या, हे मला जाणून घ्यायचंय. लहान पोरींना त्या चढवत असतील का?

विश्रामबाग वाड्यात त्यामानाने बरं वाटतं. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा. इंग्रजांनी १८२१ मध्ये इथे संस्कृत पाठशाळा काढली. मे १८७९ च्या जाळपोळीत बुधवारवाडा राख झाला, हाही होरपळला. पण वापरात राहिला, म्हणून दुरुस्त होत राहिला. दर्शनी सज्जाचे सुरूदार खांब तुम्ही पाहायलाच हवेत. खाली फूटपाथवर पर्सवाले आणि मोजेवाले बसतात, त्यामुळे मान वर करायला जागा शोधावी लागते.

आपली,
धाकटी


शनिवार

ती. काका,

घाईत लिहिते. कसब्याच्या मालकांनी आज आपण होऊन एक पेटी उघडून दिली. मोडी मास्तरांनी वरचाच कागद वाचला: सागवान, चुना, खिळे, सुतारांचा रोजमुरा. बांधणाऱ्याचं नाव नाही, पण कुठल्या सुताराने किती दिवस खाडा केला हे आहे. मालक घरातल्या सगळ्यांना हाका मारून बोलावत होते.

आता मुद्द्याचं. आपल्या इंदूरच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी होते, १९८४ च्या दंगलीत लाकूड कसं पेटलं ते तुम्ही गच्चीवरून पाहिलंत. त्याची वर्णनं तुमच्याकडून हजारदा ऐकली. पण आपल्या स्वतःच्या घराचा एकही नकाशा आपल्याकडे नाही, आणि तुम्ही जन्मभर सरकारी बांधकामावर ओव्हरसीअर होतात! मी आल्यावर माजघरापासून सुरुवात करू. कापडी टेप नको, ती ताणते; स्टीलची आणा, तीस मीटरची. आलेखाचे कागद मी घेऊन येतेय.

पुणे-इंदूर गाडीने निघते. स्टेशनवर येऊ नका. त्यापेक्षा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरवून घ्या, आणि काकूने त्यातले जुने कागद रद्दीवाल्यासाठी बाजूला काढले असतील तर तेवढे आजच्या आज थांबवा.

आपली,
धाकटी