घोड्याच्या बदल्यात

शिक्रापुरात चांदीचं नाणं म्हटलं की राणीछाप. लक्ष्मीपूजनाच्या ताटात, नाहीतर आजीच्या गाठोड्यात. सराफ ते टणकन वाजवतो, काट्यावर टाकतो, भाव सांगतो. ११.६६ ग्रॅम, जुना एक तोळा. राणीच्या चेहऱ्याकडे त्याचं लक्षही नसतं.

माझ्याकडचा अमेरिकन अर्धा डॉलर आकाराने जवळजवळ तेवढाच: १२.५ ग्रॅम, नव्वद टक्के चांदी. १८९२ ते १९५४ या काळात अमेरिकेने अशी स्मारक नाणी काढली. पहिलं कोलंबसाचं, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी. अर्ध्या डॉलरचं नाणं एका डॉलरला विकायला ठेवलं. जी खपली नाहीत त्यांतली बरीच अखेर दर्शनी किमतीला बाजारात सुटली. जाणकार संग्राहक जीव टाकतात तो ऑरेगन ट्रेलच्या नाण्यावर, बैलगाडी आणि मावळत्या सूर्यावर. माझं नाणं मालिकेतलं अगदी शेवटचं. १९५१ ते १९५४ मधलं, आणि त्यांच्या मते बेढबच. उजवीकडे पाहणारे दोन चेहरे, मागे अमेरिकेचा नकाशा. पण चेहरे कुणाचे? जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आणि बुकर टी. वॉशिंग्टन.

इथे मराठी माणसाचं गणित बदलतं. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' १९८१ साली आलं आणि मिसुरीतला हा कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ आमच्या घरचाच झाला. आमच्या भागात भुईमूग उपटताना मुळांवरच्या गाठी पाहिल्या की त्याची आठवण येते. कापसाने पिळून काढलेल्या जमिनीला शेंगांनी पुन्हा जीव येतो, हे तो बुकर वॉशिंग्टनने उभारलेल्या टस्कीगी संस्थेतून शेतकऱ्यांना सांगत राहिला. आणि त्याचं बालपण! गुलाम आईसकट पळवून नेलेलं तान्हं पोर मालकाने एका घोड्याच्या बदल्यात परत मिळवलं. आई सापडलीच नाही.

एकेकाळी ज्याची किंमत घोड्याएवढी ठरली, त्याचा चेहरा देशाच्या चांदीवर आला. ही गोष्ट इथेच थांबवली असती तर गोड झाली असती. पण नाण्याचा कायदा झाला तेव्हा त्याला कारण जोडलं गेलं ते वेगळंच: मिळणारा पैसा कृष्णवर्णीयांत साम्यवाद पसरू नये म्हणून वापरायचा. मागच्या बाजूला 'अमेरिकॅनिझम' हा शब्द आहे, सोबत सर्वांना स्वातंत्र्य आणि संधी असल्याची ग्वाही. तेव्हा दक्षिणेत बसमधल्या जागासुद्धा रंगावरून ठरत होत्या! आणि चांदी? तीही उसनी. बुकर टी. वॉशिंग्टनच्या १९४६ पासूनच्या नाण्यांतली उरलेली वितळवून ही पाडायची, असं ठरलं होतं. पुढे यांच्यातलीही न खपलेली वितळली. त्यानंतर १९८२ पर्यंत तिथे स्मारक नाणंच निघालं नाही.

तरी मला हे नाणं आवडतं, ते घडवणाऱ्या हातासाठी. आयझॅक हॅथवे हे अमेरिकेचं नाणं घडवणारे पहिले कृष्णवर्णीय शिल्पकार. टस्कीगीतच मातीकाम शिकवायचे. कारकुनी उद्देशाच्या आड त्यांनी आपल्या माणसांचे चेहरे जपले, असं मी मानतो. बेढब म्हणणारे खुशाल म्हणोत.

अल्बममध्ये नाणी देशवार, धातूवार लावायची, असा दंडक आहे. मी तो मोडलाय. कार्व्हरच्या शेजारच्या खणात १९९० सालचा बाबासाहेबांचा एक रुपया आहे, तांबं-निकेलचा. इथून जवळच कोरेगाव भीमाला, एक जानेवारीला पुस्तकांच्या स्टॉलवर सुट्ट्या पैशांत तो मिळाला. १९४६ सालीच बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून तिथल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याची चौकशी केली होती. डू बॉइस हे बुकर वॉशिंग्टनचे कडवे टीकाकार. माझ्या अल्बममध्ये त्यांचं नाणं नाही. एक सराफ मित्र म्हणतो, रुपया वेगळा ठेव, चांदीच्या जवळ निकेल शोभत नाही. त्याला मी आधी 'एक होता कार्व्हर' वाचायला दिलंय.