फ्रीमँटलचा डॉक्टर

परदेशी शिकायला निघालेल्या मुलाच्या सामानात आम्ही लोणचे घालतो, रोझरी घालतो. तेथील वाऱ्याची चौकशी मात्र करीत नाही. पर्थला जाणाऱ्याने ती करावी. उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी, तेथे दुपारी तापलेल्या भूमीकडे समुद्रावरून गार वारा धावून येतो. लोक त्याला ‘फ्रीमँटलचा डॉक्टर’ म्हणतात. आमच्या वसईचे खारे वारेच ते, अंगात अधिक जोर असलेले. त्यांच्या बळावर तेथे विंडसर्फिंग चालते: पायांखाली एक फळी, हाती एक शीड.

आमच्या धाकट्याने हा नाद धरला, तेव्हा आम्ही धास्तावलो. समुद्र काय नेतो, हे किनाऱ्यावरच्या माणसांना सांगावे लागत नाही. त्याने समजावले, की सकाळचा पूर्वेचा वारा किनाऱ्यापासून दूर ओढतो, नवख्याने त्याच्या वाटेस जाऊ नये. दुपारचा किनाऱ्याकडे आणतो. शिवाय सकाळ मिस्सासाठी व अभ्यासासाठी मोकळी राहते! (हे शेवटचे खास आमच्यासाठी असावे.)

अडचण निराळीच आहे. विद्यापीठ फेब्रुवारीअखेर उघडते, तेव्हा वाऱ्याचा हंगाम ओसरू लागतो. ऐन वारा उन्हाळी सुट्टीत, आणि फीसाठी चार पैसे कमावण्याचे दिवसही तेच. रविवारी दुपारी मात्र तो काम घेत नाही. त्या वेळी फोन करू नका, असे त्याने आम्हांला बजावून ठेवले आहे.