दुसऱ्या गिअरची तक्रार

आमच्या थोरल्या बंधूंनी ऑक्सफर्डमध्ये १९६४ सालची एक मॉरिस मायनर अखेरपर्यंत जपली. ती त्याच शहरातल्या काउलीच्या कारखान्यातली. ते गेल्यावर वहिनींनी गाडी विकली नाही आणि तिची देखभाल आमच्याकडे आली. आयुष्यभर कविता शिकविणाऱ्याच्या हाती पाना आला!

गिअरबॉक्सचे तेल बदलताना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे तिथेही इंजिनाचेच तेल घालीत." आम्ही मनात हसलो. गिअरला गिअरचेच तेल हवे, हे आम्हांस स्वयंसिद्ध वाटले. दुकानात जीएल-४ आणि जीएल-५ असे दोन वर्ग दिसले. चारापेक्षा पाच मोठा, म्हणून पाच घेतले. पंधरवड्यात दुसरा गिअर करकरू लागला.

मग गाडीची पुस्तिका उघडली. गिअरबॉक्सला इंजिनाचे तेल आणि मागच्या आसाला मात्र हायपॉइड गिअरचे, असे तिथे स्वच्छ छापले होते. हायपॉइडचे दाते प्रचंड दाबाखाली एकमेकांवर घसरतात; त्यांच्यासाठी जीएल-५मध्ये गंधक-फॉस्फरसची संयुगे भरपूर असतात. जीएल-४मध्ये ती साधारण निम्मी. मायनरच्या वरच्या तीन गिअरांत मात्र तांब्याच्या मिश्रधातूची कडी असते. ती घर्षणाने शंकूला पकडते आणि दोन चाकांची गती जुळविते. तेल फार निसरडे झाले तर पकड सुटते. शिवाय सक्रिय गंधक तांब्याला खाऊ शकते. म्हणजे जे एका जागी रक्षण, तेच दुसरीकडे इजा.

आकड्यांनीही आम्हांस फसविले होते. गिअर तेलाचे ९० आणि इंजिन तेलाचे ५० यांचा दाटपणा जवळपास सारखाच. मोजपट्ट्या तेवढ्या निराळ्या. शब्दाचा अर्थ कोणत्या कोशात पाहायचा, हे विद्यार्थ्यांना बजावणारे आम्ही स्वतः कोश न पाहताच डबा उचलून आलो होतो.

तेल काढून २०डब्ल्यू-५० हे साधे खनिज तेल भरले. करकर कमी झाली, थांबली नाही. झिजलेली कडी तेलाने भरून येत नाही. ही झीज आमच्या पंधरवड्याची की बंधूंच्या इतक्या वर्षांची, कोण सांगणार?

परवा वहिनी शेजारी बसल्या होत्या. करकर ऐकून म्हणाल्या, "हे न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबत, मग दुसरा टाकीत."

आता आम्हीही थांबतो.