आफ्रिकेची पाळंमुळं

वसईला गेलं की किल्ल्याच्या तटाआधी माझी नजर गोरखचिंच शोधते. फुगीर, राखाडी बुंधा, वर्षातले बरेच महिने निष्पर्ण फांद्या. झाड मूळचं आफ्रिकेचं. गोरखनाथांचं नाव मात्र त्याला आपल्याकडे मिळालं आणि ते इथलंच झालं.

पोर्तुगीजांनी ते आणलं, असं सहज सांगितलं जातं. मला ते अपुरं वाटतं. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याशी आपला व्यापार त्यांच्या कितीतरी आधीचा. भारतातली ही झाडं आफ्रिकेतून वेगवेगळ्या वेळी आली, असं जनुकीय अभ्यासही सुचवतो. या व्यापाराच्या जहाजांमधून व्यापारी आले, तशी गुलाम म्हणून विकलेली माणसंही आली. त्यांच्यातलेच काही पुढे सैनिक, सरदार झाले. जंजिऱ्याचे सिद्दी त्याच मुलखातले. गोरखचिंचेचं आंबट फळ वाळलं की फार टिकतं, प्रवासाला सोयीचं. कुणाच्या शिदोरीतून बी इथे पडलं असेल, या विचाराने मी आजही गलबलते. त्या माणसांची नावं कुठल्याच दप्तरात नाहीत.

चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली, ते आपण अभिमानाने सांगतो, सांगावंच. पण या झाडांचाही इतिहास शाळेच्या सहलीत मुलांना सांगायला हवा. फुलं रात्री उमलतात, वटवाघळं परागण करतात, बुंधा आतून पोकळ होत जातो, म्हणून वय ठरवणं कठीण, हेही. मुंबईत राणीच्या बागेतही गोरखचिंच आहे. पुढच्या रविवारी भाच्यांना तिथे नेणार आहे.