रोजचे एक पान

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी कधी गोष्ट लिहायला घेतली आहे का? आणि दोन पाने झाल्यावर वही मिटून ठेवली आहे का? मी ठेवली होती. म्हणूनच ही हकिगत तुम्हांला सांगतो.

आमचे गाव चिंचणी. पालघर जिल्ह्यातले हे समुद्रकाठचे गाव. किनाऱ्यावर सुरूची झाडे आहेत. एस. टी. ने बोईसरला जाऊन रेल्वे गाठता येते. बाविसाव्या वर्षी मी कादंबरी लिहायला घेतली. उर्दूत तुम्ही जिला नाविल म्हणता, तीच ही कादंबरी. विषय घरातलाच होता, माझी आजी. आजोबा लवकर गेले. आजीने भाजीची टोपली डोक्यावर घेतली आणि चार मुले वाढवली.

चाळीस पाने झाली आणि लेखणी थांबली. 'स्फूर्ती आली की पुढे लिहू,' असे म्हणून मी वही पेटीत ठेवली. बोईसरजवळच्या कारखान्यात नोकरी लागली. सात वर्षे गेली. स्फूर्ती काही आली नाही.

त्या सुमारास श्री. ना. पेंडसे यांची 'रथचक्र' ही कादंबरी माझ्या हाती आली. मुलांच्या शिक्षणासाठी झुंजणाऱ्या एका आईची ती कथा. वाचताना मला आजी दिसू लागली. मग मी लेखकाची माहिती मिळवली. पेंडशांचा जन्म १९१३ साली दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावी झाला. लहानपणीच ते मुंबईला आले. मुंबईत बस चालवणाऱ्या आणि वीज पुरवणाऱ्या 'बेस्ट' मध्ये त्यांनी अनेक वर्षे नोकरी केली. 'एल्गार' १९४९ साली आली, 'हद्दपार' १९५० साली, 'गारंबीचा बापू' १९५२ साली. 'रथचक्र' १९६२ साली आली आणि तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 'तुंबाडचे खोत' ही दोन खंडांची प्रचंड कादंबरी १९८७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. राहणे मुंबईत, पण मनात मात्र कोकणातली माणसे, नद्या आणि पायवाटा!

तुमचे आवडते प्रेमचंद आठवा. १९२१ साली राजीनामा देईपर्यंत तेही शिक्षण खात्यात नोकरी करीत होते. म्हणजे नोकरी ही माझी खरी अडचण नव्हतीच. मग अडचण कोणती होती?

उत्तर मला शेजारीच मिळाले. आमच्या भागात दागिन्यांचे साचे, म्हणजे डाय, घडवण्याचा धंदा घरोघर चालतो. शेजारचे चाचा हेच काम करीत. पोलादाच्या लहानशा ठोकळ्यावर ते छिन्नीने नक्षी कोरत. नक्षी उलटी कोरायची, तेव्हा दागिन्यावर ती सुलटी उमटते. एका पाकळीत त्यांचा अर्धा दिवस जाई. एकदा मी विचारले, "चाचा, कामात मन लागत नाही, तेव्हा काय करता?"

मान वर न करता ते म्हणाले, "बसतो. मी बसलो की मनही थोड्या वेळाने येऊन बसते. पोलाद आपोआप मऊ होईल म्हणून वाट पाहिली असती, तर मुले उपाशी राहिली असती."

त्या रात्री मी पेटी उघडली. दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठून, पहिल्या एस. टी. च्या आधी, रोज एक पान लिहायचे ठरवले. काही पाने वाईट झाली. ती फाडली, पुन्हा लिहिली. पण दुसऱ्या दिवशी कुठून सुरुवात करायची, हे कालचे पानच सांगू लागले.

एक गोष्ट मात्र माझ्या हातून कायमची निसटली होती. टोपली घेऊन पहिल्या दिवशी बाजाराला निघाली, तेव्हा आजीला भीती वाटली होती का? कोणी हसले होते का? हे मला लिहायचे होते, पण सांगायला आजी उरली नव्हती. वही पेटीत पडून होती, त्या सात वर्षांतच ती गेली. एकाच घरात राहून मी तिला हे कधी विचारले नाही. ते प्रकरण मी कल्पनेने लिहिले. आजही वाचताना मी तिथे थांबतो.

माझी कादंबरी तीन वर्षांनी पूर्ण झाली. एका प्रकाशकाने ती परत पाठवली. मी ती पुन्हा लिहितो आहे. त्याचे मला दुःख नाही. दुःख आहे ते न विचारलेल्या प्रश्नाचे.

तेव्हा मित्रांनो, आज घरी गेल्यावर आजीजवळ, नानीजवळ किंवा दादाजवळ थोडा वेळ बसा. त्यांना एक प्रश्न विचारा. त्या जे सांगतील, ते निजण्यापूर्वी एका पानावर लिहून काढा. उर्दूत लिहा, मराठीत लिहा. पण आजच लिहा.