ऐकू न येणारी कात्री

कांद्याचा लिलाव ऐकायला सोपा वाटतो, रेडिओसाठी मुद्रित करायला अवघड. पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत ट्रॅक्टरच्या रांगांमधून व्यापाऱ्यांचा घोळका पुढे सरकत असतो आणि बोली इतक्या भराभर चढते की आकडे एकमेकांवर आदळतात. उन्हाळ कांद्याच्या ट्रॉलीत हात खुपसून व्यापारी खालचा माल वर काढतो, तेव्हा वाळलेल्या सालींची जी खसखस होते ती माईक वीतभर अंतरावर असेल तरच मिळते. मी पुकारणाऱ्याच्या तोंडाशी माईक नेत नाही. शेतकऱ्याच्या बाजूला उभी राहते, कारण शेवटचा शब्द त्याचा असतो. भाव पटला नाही तर माल न देण्याचा हक्क त्याला आहे.

‘सोळाशे वीस. द्यायचा का काका?’ असं एका ट्रॉलीपाशी विचारलं गेलं. काकांनी आधी कांद्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. मग म्हणाले, ‘द्या.’

प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये सहा सेकंद गेले. संगणकावर आवाजाची रेघ उघडली की ते सहा सेकंद जवळजवळ सपाट दिसतात. लांबवर एक हॉर्न, कुणाचं तरी खाकरणं, एवढंच. ते काढून टाकले तर काकांनी भाव खुशीत कबूल केला असं ऐकू येतं. उलट, बाजाराचा नुसता गलका जोडून सहाचे दहा केले, तर ऐकणाऱ्याच्या घशात आवंढा येईल. दोन्हींत काकांचा शब्द तोच, ‘द्या’. दोन्हीही खोटं.

चित्रपटात असा तुकडा काढला तर पडद्यावरच्या माणसाची मान झटक्याने हलते, काहीतरी कापलंय हे प्रेक्षकाला कळतं. रेडिओत कळत नाही. प्रत्येक जागेचा नुसता आवाज, कुणी न बोलता, आम्ही दोन-तीन मिनिटं वेगळा मुद्रित करून ठेवतो. संकलनात तो खाली अंथरला की वरचे सगळे सांधे बुजतात. हे तंत्र शिकल्याशिवाय चांगला माहितीपट होत नाही आणि फसवणुकीची सगळी सोयही त्यातच आहे. ऐकणाऱ्याला तपासता येणार नाही, म्हणून तपासायचं काम माझ्यावर येतं. अडखळणं, ‘म्हणजे’, ‘काय ते’ मी काढते. उत्तरापूर्वीची शांतता मात्र आहे तेवढीच ठेवते. आणि एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला कधीही जोडत नाही.

कांद्याच्या कार्यक्रमाखाली करुण बासरी लावायची पद्धत आहे. मला तिचा राग येतो. 2018 साली आमच्याच निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने साडेसात क्विंटल कांदा विकला, हातात 1,064 रुपये आले आणि ते त्याने मनीऑर्डरने थेट पंतप्रधानांना पाठवले. मनीऑर्डरचा खर्चही पदरचा, 54 रुपये. ही बातमी देशभर गेली. तिच्यातलाच एक तपशील मात्र मागे पडला. हाच माणूस पूर्वी आकाशवाणीवर आपल्या शेतीतल्या प्रयोगांबद्दल बोलला होता, फोनवरून मिळणाऱ्या सल्ल्याने उत्पादन कसं वाढवलं ते सांगत होता. हे दुसरं वगळून नुसत्या मनीऑर्डरवर बासरी वाजवली, तर एका हुशार शेतकऱ्याचा आपण नुसता बिचारा करून टाकतो. उत्पादन वाढवूनही ही वेळ आली, हे सांगितलं तरच त्याचा संताप नीट कळतो.

आपल्याकडे ऐकणाऱ्याला बोलतं करण्याची जुनी चाल आहे. 1956 मध्ये आकाशवाणी पुणे आणि युनेस्को यांनी शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांचा प्रयोग केला, मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची, आणि शंका, मतं केंद्राला कळवायची. मी त्यातून एवढंच उचललं की प्रसारणाआधी कार्यक्रम ज्याचा त्याला ऐकवायचा. रेकॉर्डिंगच्या वेळी ‘लावा ना ताई, त्यात काय’ म्हणणारा माणूस हेडफोन कानाला लावल्यावर वेगळाच होतो. सोसायटीच्या थकबाकीचा उल्लेख तेव्हा त्याच्या ध्यानात येतो, सोयरीक ठरायची असलेली मुलगी आठवते. खरी परवानगी त्यानंतरची. या पद्धतीमुळे चांगले तुकडे हातचे जातात आणि ते जाऊ द्यावे लागतात. सत्तेतल्या, पदावरच्या माणसाला मात्र मी ही सवलत देत नाही. तो जे बोलला ते बोलला.

सगळ्यात कठीण पेच द्राक्षबागेत पडतो. छाटणीनंतर मण्यांच्या विरळणीला सुरगाणा, पेठकडच्या टोळ्या इकडे येतात. मांडवाखाली हात वर धरून दिवसभर छोट्या कात्र्या चालतात. त्यांची टिकटिक मुद्रित करावी अशीच आहे, पण पाठीला काय होतं ते त्या टिकटिकीत ऐकू येत नाही, ते विचारावं लागतं. अशाच एका टोळीतल्या बाईने काम करता करता आपल्या कोकणा बोलीत गाणं म्हटलं. नंतर बांधावर बसून तिने मुकादमाने उचल कशी कापून घेतली तेही सांगितलं, आकड्यांसकट.

छापील मजकुरात नाव बदलता येतं. आवाजाचं नाव कसं बदलणार? तिच्या पाड्यावर पहिल्याच वाक्याला ती ओळखली जाणार आणि पुढच्या हंगामाला टोळीतून गळणार. यंत्राने आवाज जाड करावा तर ती गुन्हेगारासारखी ऐकू येते. उरतो दुसरीचा आवाज.

युअन मॅकॉल आणि बीबीसीचे चार्ल्स पार्कर यांनी 1958 साली रेल्वेचालक जॉन अ‍ॅक्सनवर रेडिओ बॅलड केलं, तेव्हा सामान्य माणसांची मनोगतं नटांकडून वदवून घेण्याची रीत होती. ती मोडून त्यांनी रेल्वे कामगारांचे खरे आवाज वापरले. माणसाचं बोलणं त्याच्याच तोंडून यावं, या हक्काची ती मोठी पायरी होती, असं मी मानते. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्याही गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव सांभाळून. असं असताना मी या बाईचा आवाज काढून दुसरीचा घालायचा?

मी तिलाच विचारलं. तिचा निर्णय सरळ होता. गाणं माझ्या नावानं लावा, गावाचंही नाव घ्या; उचलीचं माझ्या आवाजात नको. मग पेठकडच्या, तीच बोली बोलणाऱ्या दुसऱ्या बाईकडून ते निवेदन शब्दशः वाचून घेतलं. मुकादम आकड्यांवरून ओळखेल म्हणून आकडे तिच्या संमतीने गाळले. हा आवाज बोलणारीचा नाही, हे ऐकणाऱ्यांना आधीच सांगायचं ठरवलं. गाणं आणि निवेदन शेजारीशेजारी येऊ नयेत म्हणून दोन वेगळ्या भागांत टाकली.

मग तिला हेडफोन दिला. गाणं ऐकून ती हसली. निवेदन सुरू झालं आणि तिने हेडफोन काढला. ‘ही रडते कशाला? मी रडले नव्हते, मी चिडले होते.’

मूळ मुद्रण पुन्हा लावून पाहिलं. तिचं खरं होतं. शब्द तेच, पण प्रत्येक वाक्याचा शेवट ती वर उचलून टाकत होती, वाचणारी तो खाली सोडत होती. पेठच्या बाईला मूळ आवाज ऐकवायला आधी गाणाऱ्या बाईची परवानगी घेतली, मग निवेदन पहिल्यापासून पुन्हा वाचून घेतलं. यावेळी ऐकताना तिने मध्येच मान हलवली आणि म्हणाली, ‘आता लावा.’