मुबारात

आमच्या मावसबहिणीचा निकाह पारशिवनीतच झाला. दूल्हा लंडनचा, ब्रिटिश नागरिक. मने जुळली नाहीत. भांडण नव्हते, म्हणून दोघांनी मुबारात केली. परस्पर संमतीची ही वाट 1937 च्या शरियत कायद्यात नावानिशी आहे. मुबारातनामा आम्हीच उर्दूत उतरवला. खालाजान म्हणाल्या, "सुटली पोर!"

सुटली कुठे? नवरा इंग्लंडात राहणारा. कोर्टाबाहेरचा असा तलाक तिथला 1986 चा कायदा मानत नाही. इथे मोकळी, तिथे मात्र त्याचीच बायको! आलेला एक रिश्ता यावरच अडून बसला. बुजुर्ग म्हणत, अल्लाहसमोर सुटली, मग शिक्का कशाला? आम्हांला हे पटले नाही. शिक्क्यावाचून अडते ते बाईचेच.

2022 पासून इंग्लंडात नवरा-बायकोला मिळून अर्ज करता येतो. दोष कुणाचाच दाखवावा लागत नाही. दोघांनी तसाच केला. आधी 20 आठवडे थांबणे, मग आणखी 6. दोघांच्या संमतीचा परदेशी हुकूम इथेही मानता येतो, हे सुप्रीम कोर्टाने 1991 मध्येच सांगितले आहे.

हुकूम आला तो इंग्रजीत. खालाजानना आम्ही उर्दूत वाचून दाखवला. त्यांनी विचारले, "आता तरी तारीख धरायची ना?"